वगळलेला उपचार : वागळे इस्टेटमधील दावा-छाननीच्या टेबलावरून

वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न होणे, या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्व म्हणते आणि तिची गणना प्रजननसंस्थेच्या आजारांत करते. २०२३ मध्ये संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे साडेसतरा टक्के लोकांना, म्हणजे साधारण सहांतील एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा या आजाराला तोंड द्यावे लागते. भारतातील आरोग्य विम्याच्या कागदावर मात्र तो आजार म्हणून सहसा येतच नाही; येतो तो वगळलेल्या गोष्टींच्या यादीत, गर्भनिरोधक साधने, नसबंदी आणि सरोगसी यांच्या रांगेत. या दोन नोंदींमधल्या अंतराचा खर्च कोण भरते, कसा भरते आणि त्या भरण्यात पैशाखेरीज आणखी काय जाते, याचा विचार येथे करायचा आहे. त्याला आधार आहे तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आरोग्य विम्याच्या दाव्यांची छाननी करण्यात गेलेल्या वर्षांचा.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. एके काळी येथे लेथ, प्रेस आणि औषधांच्या गोण्या होत्या. आता त्याच प्लॉटांवर काचेच्या इमारती, कॉल सेंटर, पासपोर्ट सेवा केंद्र आणि विम्याच्या कामाशी जोडलेली कार्यालये उभी आहेत, आणि मधल्या गल्ल्यांत जुने गाळे अजून तग धरून आहेत. या कार्यालयांत टीपीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यस्थ संस्थाही आहेत. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने रुग्णालयाचे बिल तपासणारी, कॅशलेसची परवानगी देणारी आणि दावा मंजूर करावा की फेटाळावा याची शिफारस करणारी तिसरी संस्था. तिच्या कामकाजाचे नियम २००१ पासून अस्तित्वात आहेत. अशा कार्यालयात बसणाऱ्या माणसाला रुग्ण जवळजवळ कधीच दिसत नाही. दिसते ती फाइल, आणि फाइलमधून कुटुंबाचे बरेच काही कळते : घराचा पत्ता, पगाराचा गट, लग्नाला झालेली वर्षे, आणि बिलांच्या तारखांवरून पैसा कधी होता व कधी नव्हता हेही. वागळे इस्टेटमध्ये फाइल आणि माणूस यांच्यातले अंतर आणखी कमी होते, कारण फाइलवरचा पत्ता अनेकदा किसननगरचा, लोकमान्यनगरचा किंवा डोंबिवली पूर्वेचा असतो आणि दावा फेटाळल्यावर माणूस पत्र हातात घेऊन रोड नंबर १६ वरून चालत थेट काउंटरवर येतो.

या विषयाच्या इतिहासात १९८६ हे वर्ष दोनदा येते. त्या वर्षी ६ ऑगस्टला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला, आणि शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ती ओळखली गेली; कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साध्य केले होते, परंतु त्यांच्या कामाला मान्यता मिळायला त्यांच्या मृत्यूनंतरची बरीच वर्षे जावी लागली. त्याच १९८६ मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम ही पॉलिसी बाजारात आणली. म्हणजे महापालिकेच्या, गिरणगावातल्या गरिबांच्या रुग्णालयात एक उपचार सिद्ध झाला आणि मध्यमवर्गाला रुग्णालयाच्या बिलातून वाचवणारी योजनाही त्याच वर्षी निघाली. पुढे दोन्हींचा पसारा वाढला, पण दोघांची गाठ पडली नाही. उपचार खाजगी केंद्रांकडे गेला, मेडिक्लेम अपघात आणि शस्त्रक्रियांकडे गेला, आणि मधल्या जागेत जोडपी राहिली.

गाठ का पडली नाही हे समजून घेण्यासाठी उपचाराचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू यांचे शरीराबाहेर, प्रयोगशाळेत मीलन घडवून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याची पद्धत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण नऊ ते बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, म्हणजे एका पाळीत एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे पक्व होतात. एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करून त्यांची वाढ पाहिली जाते. मग थोड्या वेळाची भूल देऊन सुईने बीजे काढली जातात, आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी भ्रूण सोडला जातो. या सगळ्यात रुग्णालयात राहणे जवळजवळ नाहीच. आरोग्य विम्याची मूळ रचना मात्र किमान चोवीस तास दाखल होण्यावर उभी आहे, आणि दाखल होण्यापूर्वीची तीस व नंतरची साठ दिवसांची औषधे व तपासण्या द्यायच्या तर आधी ते दाखल होणे मान्य व्हावे लागते. इंजेक्शनाचे पेन घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवले जाते, ते बायको स्वतः किंवा नवरा टोचतो, आणि विम्याच्या दृष्टीने असे घरी घेतलेले औषध बाह्यरुग्ण उपचारात जमा होते. त्यामुळे वंध्यत्वाचे कलम उद्या पॉलिसीतून निघाले तरी खर्चाचा मोठा भाग बाहेरच राहील, ही गोष्ट या विषयावर तावातावाने बोलणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

ते कलमही स्पष्ट आहे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवर्जनांची, म्हणजे भरपाईतून वगळलेल्या बाबींची, भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा आहे आणि त्यात कृत्रिम रेतन, आयव्हीएफ, इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची पद्धत), सरोगसी आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया असे सगळे एकत्र आहे. अठरावा प्रसूतीचा आहे. कंपनीने हे वगळलेच पाहिजे असे नियामकाने म्हटलेले नाही, वगळायचे असेल तर याच शब्दांत वगळा एवढेच म्हटले आहे. व्यवहारात मात्र साध्या पॉलिसीत हे कलम असतेच. अलीकडे काही महागड्या पॉलिसींत दोन-तीन वर्षे थांबण्याच्या अटीवर आणि ठरावीक रकमेच्या आत हा उपचार मिळू लागला आहे; परंतु मूल होत नाही हे कळल्यावर पॉलिसी घ्यायला निघालेल्या जोडप्याला ती थांबण्याची वर्षेच परवडत नाहीत.

टेबलावर येणाऱ्या फाइलींत आयव्हीएफचे सरळ बिल कमीच असते, कारण ते मिळणार नाही हे क्लिनिकमध्येच सांगितलेले असते. येतात त्या सीमेवरच्या फाइली, आणि या कामातले खरे शिक्षण त्यांच्यातूनच होते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती बाहेर, बीजांडावर किंवा ओटीपोटात वाढू लागते तेव्हा त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्याने पाळीत असह्य वेदना होतात आणि मूल होण्यातही अडथळा येतो. त्यासाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. अशा दोन फाइली एकाच आठवड्यात आल्या होत्या. शस्त्रक्रिया तीच, बिल जवळजवळ तेवढेच, दोघींचे वयही सारखे. एकीच्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत ओटीपोटातील वेदनांची तक्रार होती, दुसरीच्या कार्डावर पहिल्याच ओळीत लग्नाला सहा वर्षे, प्राथमिक वंध्यत्व, असे लिहिले होते आणि वेदनांचा उल्लेख चौथ्या ओळीत होता. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एंडोमेट्रिओसिसचा संकेतांक एन-८० आणि स्त्रीच्या वंध्यत्वाचा एन-९७. संगणकात प्रथम कोणता पडतो यावर पुढचे सगळे ठरते. पहिला दावा मंजूर झाला. दुसऱ्यावर प्रश्नपत्र गेले, ज्याला या धंद्यात क्वेरी म्हणतात : शस्त्रक्रियेचा हेतू काय होता याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाठवावे. प्रमाणपत्र आले, त्यात डॉक्टरांनी प्रामाणिकपणे दोन्ही हेतू लिहिले आणि दावा फेटाळला गेला.

या अनुभवानंतर नियमाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे अपरिहार्य होते. गाठ, चिकटलेल्या नलिका किंवा गर्भाशयातला पडदा हा शरीरातला दोष आहे आणि तो दुरुस्त केल्यावर पैसे मिळायला हवेत, हे तत्त्व विम्याला मान्य आहे. परंतु त्या दुरुस्तीमागे मूल हवे असण्याची इच्छा असेल तर ते तत्त्व मागे पडते. इच्छेवरून दावा फेटाळण्याचा असा प्रकार दुसऱ्या आजारांत फारसा दिसत नाही. गुडघा बदलून घेणाऱ्याला पंढरीच्या वारीला जायचे आहे का, असे कोणी विचारत नाही. याचा एक वाईट परिणाम असा की लोक डॉक्टरांना ती ओळ काढायला सांगतात. काही डॉक्टर काढतात, काही काढत नाहीत, आणि काढली की पुढे केव्हा तरी जुने केसपेपर मागवल्यावर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो. प्रामाणिक डॉक्टरांच्या रुग्णांना कमी पैसे मिळावेत अशी व्यवस्था कोणी मुद्दाम बांधलेली नाही, पण ती तशी चालते खरी. विमा लोकपालाकडे दाद मागता येते आणि आता ठाण्यातही त्यांचे कार्यालय आहे. तरी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले कलम असेल तर तेथेही हाती फार काही लागत नाही.

पुरुषांच्या फाइली वेगळ्या. वंध्यत्वात पुरुषाचा वाटा लहान नसतो, तरी उपचाराची फाइल जवळजवळ नेहमी बायकोच्या नावाने उघडलेली असते. अंडकोशातील शिरा फुगण्याच्या व्हेरिकोसिलवर शस्त्रक्रिया होते. दुखते म्हणून केली तर पैसे मिळतात, शुक्राणूंची संख्या वाढावी म्हणून केली तर मिळत नाहीत. एका कारखान्यातील मशीन ऑपरेटरने असा फेटाळलेला दावा पुन्हा तपासायला दिला नव्हता, कारण त्यासाठीचा अर्ज कंपनीच्या एचआर विभागातून पाठवावा लागला असता आणि त्या विभागातील कारकून त्याच्याच चाळीत राहत होता. अशी रक्कम कोणत्याही हिशेबात येत नाही. मागितलेलीच नसल्यामुळे ती नाकारल्याची नोंदही होत नाही.

लाजेचा हा खर्च पत्रांतूनही वाढत असे. पूर्वी दावा फेटाळल्याचे पत्र पॉलिसीवर नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने जाई आणि त्यात कलमाचे पूर्ण शब्द ठळक अक्षरांत छापलेले असत. एकत्र कुटुंबात असे पत्र प्रथम कोणाच्या हाती पडेल याचा विचार पत्राचा नमुना बनवणाऱ्याने केलेला नसतो. एका प्रकरणात ते सासऱ्यांनी उघडले. तोपर्यंत घरात सुनेच्या पोटाचे ऑपरेशन एवढेच माहीत होते. काउंटरवर आलेली ती बाई पैशांविषयी एक अक्षर बोलली नाही. ‘‘ताई, पत्र घरी का पाठवलं? माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवता आलं नसतं का?’’ एवढेच ती विचारत राहिली. त्यानंतर त्या कार्यालयात अशा पत्रांवर केवळ कलमाचा क्रमांक छापण्याची पद्धत सुरू झाली. आता बहुतेक सगळे मोबाइलवर येते, म्हणून हा प्रश्न बराचसा मिटला आहे.

खर्चाचे आकडे पाहताना पॅकेज या शब्दाने फसायला होते. क्लिनिकच्या फलकावर लिहिलेल्या रकमेत इंजेक्शने बहुधा नसतात, आणि पाहण्यात आलेल्या बिलांत एकट्या इंजेक्शनांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास सहज जातो. गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणारी एचएसजी, बीजांडातला साठा सांगणारी एएमएच ही रक्ततपासणी, उरलेले भ्रूण गोठवून ठेवण्याचे वार्षिक भाडे, फेरी वाया गेली तर पुढच्या फेरीची तयारी, हे सगळे वेगळे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या अलीकडच्या अभ्यासात आयव्हीएफच्या एका फेरीसाठी जोडप्याच्या खिशातून जाणारा खर्च शासकीय रुग्णालयातही लाखाच्या पुढे आणि खाजगी रुग्णालयात दोन लाखांच्या पुढे आढळला, आणि आयुष्मान भारत योजनेत हा उपचार आणायचा झाल्यास फेरीमागे सुमारे ८१ हजार रुपये द्यावेत असे सुचवले गेले. १९८६ च्या त्या जन्मात केईएमच्या बरोबरीने सहभाग होता तो याच संस्थेचा, तिच्या पूर्वीच्या नावाने. आयुष्मान भारतमधून प्रजननविषयक उपचार अजूनही वगळलेलेच आहेत.

बिलात न येणारा खर्च आणखी असतो. कारखान्यातल्या कंत्राटी कामगार स्त्रीला सोनोग्राफीचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार प्रसूतीची सव्वीस आठवडे आणि गर्भपात झाल्यास सहा आठवडे रजा मिळते, पण गर्भ राहावा म्हणून चाललेल्या उपचारांसाठी त्यात एकही दिवस नाही. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे; ती ओलांडली की माणूस वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयाचा हक्क गमावतो आणि मालकाने घेतलेल्या दोन-तीन लाखांच्या गट पॉलिसीत येतो, ज्यात बहुधा प्रसूतीही नसते. पगारवाढीने उपचार हातातून जाण्याची ही तऱ्हा येथील गाळ्यांत नित्याची आहे. मग पैसा उभा राहतो तो कामगारांच्या पतपेढीतून, भिशीतून, सोने गहाण ठेवून, पीएफमधून आजारपणाच्या सदराखाली काढलेल्या रकमेतून, आणि आता क्लिनिकमध्येच बसलेल्या कर्ज कंपनीच्या प्रतिनिधीकडून.

या सर्व मार्गांत एक गोष्ट समान आहे : त्यांना वेळ लागतो. बिलांच्या तारखा ओळीने लावून पाहिल्या की ते उघड दिसते. तपासण्या होतात, मग दीड वर्षाची रिकामी जागा, मग कृत्रिम रेतनाच्या दोन-तीन फेऱ्या, मग पुन्हा मोठी रिकामी जागा, आणि त्यानंतर आयव्हीएफ. या रिकाम्या जागांत उपचार थांबलेला असतो तो वैद्यकीय कारणाने नव्हे, तर पतपेढीचे आधीचे कर्ज फिटायचे असते म्हणून. स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वयाच्या पस्तिशीनंतर वेगाने घटते आणि आयव्हीएफचे यशही त्याबरोबर घटते. म्हणजे ज्या जोडप्याला बत्तिसाव्या वर्षी कदाचित एका फेरीत यश आले असते, ते पैसे जमवून अडतिसाव्या वर्षी येते, तेव्हा त्याला दोन किंवा तीन फेऱ्या लागण्याची शक्यता असते, त्यांसाठी पुन्हा पैसे जमवावे लागतात आणि त्यात पुन्हा वय जाते. विमा नसल्यामुळे उपचार महाग वाटतो एवढेच आतापर्यंत म्हटले जाते. छाननीच्या टेबलावरून दिसते ते याहून गंभीर आहे : विमा नसल्यामुळे तोच उपचार कमी गुणकारी होतो, आणि कमी गुणकारी ठरलेल्या उपचाराचे आकडे पाहून विमा कंपनी पुन्हा म्हणते की याचा भरवसा नाही.

शासनाची भूमिका येथे एकसंध नाही. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने आयव्हीएफ ही आरोग्यसेवा असल्याचे स्पष्ट केले आणि तिला करातून सूट दिली. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत २०११ च्या आदेशाने एका फेरीला ६५,००० रुपयांपर्यंत, तीन फेऱ्यांपर्यंत, स्त्रीचे वय २१ ते ३९ असल्यास परतफेड मिळण्याची सोय झाली. म्हणजे सरकारी नोकराच्या बाबतीत हा आजार आहे आणि खर्च मोजता येतो हे सरकारने कधीच मान्य केले. सर्वांत विलक्षण तरतूद साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात आहे. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार दुसऱ्या स्त्रीचे बीज घेणाऱ्या जोडप्याने त्या दात्या स्त्रीसाठी बारा महिन्यांचा विमा काढलाच पाहिजे. दात्रीच्या संरक्षणासाठी हे योग्यच आहे. पण त्याच इंजेक्शनांचा, त्याच भुलीचा आणि त्याच सुईचा धोका स्वतःच्या बीजांवर उपचार घेणारी स्त्री पत्करते तेव्हा तिच्यासाठी मात्र कायद्यात विम्याची सक्ती नाही. बीजांडे अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साठण्याचा जो त्रास या इंजेक्शनांनी कधी कधी होतो, त्यासाठी दोन रात्री अतिदक्षता विभागात काढलेल्या स्त्रीचा दावाही मूळ उपचार वगळलेला म्हणून फेटाळला जातो.

विमा कंपन्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. विमा अनिश्चित घटनेचा असतो आणि ज्यांना उपचार घ्यायचाच आहे तेच पॉलिसी घेऊ लागले तर सर्वांचा हप्ता वाढतो, याला ते प्रतिकूल निवड म्हणतात आणि ती खरी आहे. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात दिसते. पुढची फेरी परवडणार नाही हे माहीत असलेले जोडपे एकाऐवजी दोन भ्रूण सोडावेत असा आग्रह धरते. त्यातून जुळी होतात, जुळी बऱ्याचदा दिवस भरण्याआधी जन्मतात, आणि ज्या गट पॉलिसीत बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण असते तेथे काचेच्या पेटीतल्या पाच-सहा आठवड्यांचे बिल विमा कंपनी भरते. अशा एका फाइलमध्ये दोन बाळांचे मिळून झालेले बिल आईच्या सर्व फेऱ्यांच्या एकत्र खर्चाहून कितीतरी मोठे होते. ते मंजूर झाले, कारण मुदतपूर्व जन्म हा वगळलेला नाही. हा हिशेब कोणी तरी मांडून पाहण्यासारखा आहे. जपानने एप्रिल २०२२ पासून त्रेचाळिशीच्या आतील स्त्रियांना आयव्हीएफ सार्वजनिक विम्यात आणले आणि चाळिशीच्या आत असल्यास एका अपत्यासाठी सहा फेऱ्यांची मर्यादा घातली. त्या देशाला घटत्या लोकसंख्येची चिंता आहे, भारताला तशी नाही, हे खरे. पण वय आणि फेऱ्या यांची मर्यादा घालून प्रतिकूल निवडीला आवर घालता येतो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

सार्वजनिक रुग्णालयांतही हालचाल आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू झाले. मुंबईत कामा या शासकीय रुग्णालयात २०२४ मध्ये केंद्र उघडले. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून सीएसएमटीपर्यंत दिवसाआड सोनोग्राफीला जाणे नोकरदार स्त्रीला सोपे नाही, तरी पूर्वी हा रस्ताच नव्हता.

वागळे इस्टेटच्या पातळीवर बदल झाला तर तो गट पॉलिसीच्या नूतनीकरणात होतो, आणि तो कसा होतो हे एका लहानशा अभियांत्रिकी कारखान्याच्या उदाहरणावरून सांगता येते. मोठ्या आयटी कंपन्यांच्या पॉलिसीत प्रसूतीच्या मर्यादेतच वंध्यत्वासाठी काही रक्कम असते आणि नोकरी सोडली की ती जाते. लहान मालकाला मात्र असे काही मागता येते हेच माहीत नसते. या कारखान्याच्या मालकाने विमा दलालाला विचारले तेव्हा पन्नास हजारांच्या उपमर्यादेसह, म्हणजे एकूण विमा रकमेच्या आतल्या एका ठरावीक मर्यादेसह, हे संरक्षण थोड्या जादा हप्त्यावर मिळाले. ‘‘किती जण घेतील?’’ हा त्याचा एकच प्रश्न होता. पहिल्या वर्षी एकही दावा आला नाही. दलालाने यावरून निष्कर्ष काढला की कामगारांना गरज नाही, आणि ही तरतूद काढून हप्ता कमी करावा असे सुचवले. टाइम ऑफिसमधील बाईंनी कारण वेगळे सांगितले : अर्जावर सुपरवायझरची सही लागते. सहीची अट काढून अर्ज थेट टीपीएच्या ईमेलवर पाठवण्याची सोय केल्यावर दुसऱ्या वर्षी दावे आले, आणि त्यांतील एक पुरुषाच्या नावाचा होता. पुढच्या नूतनीकरणात विमा कंपनीने अपेक्षेप्रमाणे हप्ता वाढवला. मालकाने ती उपमर्यादा तशीच ठेवली आणि वाढीव हप्ता जुळवण्यासाठी रुग्णालयातील खोलीभाड्याची मर्यादा खाली आणली.